तुम्ही कोणासाठी बसलात?

३ मार्च, सोमवार

ती. आईंना,

नमस्कार. गुडघ्याला वेगळा नमस्कार, कारण हल्ली घरात त्याचंच चालतं असं ऐकलं.

फोनवर तुम्ही "मी मजेत, तू जेवलीस का" एवढं बोलून ठेवून देता. पत्राला मात्र पाठपोट उत्तर येतं, तेही मुद्देसूद. म्हणून हा कागद घेतला. इकडे सगळं ठीक आहे. गॅलरीतला नळ अजून गळतो आणि शेजारच्या काकू अजूनही स्वतःच्या चपला माझ्या दारासमोर काढतात. तुमचा मुलगा त्याच्या ठिकाणी बरा आहे, कामात आहे.

मुख्य बातमी अशी, की ऑफिसात माझ्या गळ्यात एक नवं लचांड पडलंय. ते तुम्हालाच सांगायचं, कारण त्यात तुमचा हात आहे.

आमच्या संशोधन संस्थेच्या तळमजल्यावर एक थंडगार खोली आहे. तिथे अठ्ठेचाळीस संगणक कपाटांत रचून ठेवलेत. सगळे एकमेकांना जोडलेले, म्हणजे गणित फारच मोठं असेल तर दहा-वीस जण मिळून सोडवतात. वरच्या पाच मजल्यांवर शास्त्रज्ञ बसतात आणि आपापली गणितं खाली पाठवतात. अशा एका गणिताला आम्ही जॉब म्हणतो. माणसं साठ, यंत्रं अठ्ठेचाळीस. आजवर वाटणी कशी व्हायची? खोलीच्या दारावर एक कागद चिकटवलेला असायचा, ज्याला यंत्र हवं त्याने नाव लिहायचं. मग काय, बळी तो कान पिळी. एक ज्येष्ठ सर आहेत, त्यांना सगळे पाठीमागे अजगर म्हणतात. ते सोमवारी सकाळी आठला येऊन कागदभर आपलंच नाव लिहायचे आणि आठवडाभर पसरून राहायचे. एकदा कोणीतरी अख्खा कागदच काढून नेला. त्या दिवशी दोन पोक्त प्राध्यापक जिन्यात उभे राहून "आधी मी आलो होतो" यावरून भांडले.

शेवटी वरून हुकूम आला, की रांग लावणारं सॉफ्टवेअर बसवा. शेड्युलर म्हणतात त्याला. प्रत्येकाने आपला जॉब त्याच्याकडे द्यायचा, किती यंत्रं हवीत आणि किती वेळ लागेल ते सांगायचं, आणि कोणाचा नंबर कधी हे ते ठरवणार. बसवायचं मी. बसवणं दोन दिवसांचं काम. पण त्याला नियम लिहून द्यावे लागतात आणि तिथे माझं घोडं अडलं. कोण आधी आणि का आधी? माहितीपुस्तिकेत शंभर पर्याय आहेत आणि प्रत्येकाखाली "आपल्या संस्थेच्या धोरणानुसार ठरवावे" असं लिहिलंय. आमच्या संस्थेचं धोरण म्हणजे अजगर.

दोन दिवस कोरा कागद समोर ठेवून बसले. तिसऱ्या दिवशी तुमची केसपेपरची खिडकी आठवली.

लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी तुमचा चष्मा घरी राहिला होता आणि मी तो द्यायला दवाखान्यात आले होते. "आलीस तशी बस, कागद लावून दे," म्हणालात आणि मला स्टूल दिलंत. मी दोन वाजेपर्यंत उठले नाही. बाहेर दीडशे माणसं, आत तीन डॉक्टर आणि मध्ये तुम्ही. तोवर मी समजत होते की सासूबाई केसपेपर लिहितात. त्या दिवशी कळलं, दवाखाना त्या चालवतात.

डॉक्टरांनी एखाद्याला एक्स-रेला पाठवलं की ते दहा मिनिटं मोकळे. तेवढ्यात तुम्ही एक पट्टी बदलायची आणि एक इंजेक्शन असे दोघं आत सरकवायचात. एक्स-रेवाला परत येईपर्यंत ते बाहेर. कोणाचा नंबर ढळला नाही, कोणाचा खोळंबा नाही आणि डॉक्टर रिकामे नाहीत. शेड्युलरमध्ये नेमकी हीच सोय आहे आणि पुस्तिकेने तिच्यावर एक अख्खा धडा खर्ची घातलाय. वाचता वाचता मी मोठ्याने म्हटलं, अहो, हे तर आमच्या आईंचं. शेजारच्या टेबलवाल्याने वळून पाहिलं. काल नंबर न लागल्यामुळे परत गेलेल्याचा केसपेपर तुम्ही आज न सांगता वर घ्यायचात, तेही त्यात आहे. आणि एक जण आला होता, "मी साहेबांचा माणूस आहे" म्हणत. तुम्ही मान वर न करता म्हणालात, "साहेब आजारी पडले की त्यांचा नंबर लावीन. तुमचा एकशे बारा." हा नियम मी अजगरासाठी लिहून ठेवलाय.

एकच गोष्ट उलटी. तुमच्या खिडकीशी सगळे "दोनच मिनिटं लागतील" म्हणायचे. आमच्याकडे तीन तासांच्या जॉबला लोक सात दिवस मागतात, असू दे जवळ म्हणून. तेव्हा मी असं ठरवलं, की जो खरा वेळ सांगेल त्याला फटीत आधी घुसवायचं, आणि ज्याने सात दिवस मागितले त्याने सात दिवसांची जागा होईपर्यंत बसावं. बरोबर आहे ना? नियमांची यादी सोबत जोडली आहे. लाल पेन घेऊन बसा.

मावशींचा फोन आला होता. गुडघ्याच्या ऑपरेशनची जानेवारीची तारीख तुम्ही मोडली होती हे माहीत होतं, आता मार्चचीही मोडलीत म्हणे. "ती दोघं पुन्हा एका घरात राहायला लागली की करते, मला दोघंही उशाशी हवीत," असं तुम्ही त्यांना सांगितलंत. आम्ही वेगळे राहायला लागून दीड वर्ष झालं, आई. त्यावर सावकाश बोलू. तुम्ही डॉक्टरांचं ऐका.

तुमची
सून


२४ मार्च, सोमवार

ती. आई,

नमस्कार. यादी परत आली. लाल पेन मिळालं नाही म्हणून पेन्सिलीने खुणा केल्यात, पण मार्क कापायचे ते कापलेतच.

सगळ्यात आवडलं ते चौथ्या नियमाशेजारचं. ज्याने आजवर यंत्रं जास्त वापरली त्याला मागे ठेवायचं, असं मी लिहिलं होतं. तुम्ही बाजूला लिहिलंत, "कालचं उद्यापर्यंत धर, जन्मभर धरू नकोस. माणूस सुधारतो." मी ते सॉफ्टवेअरमध्ये शोधलं तर तीही सोय निघाली. जुना वापर हळूहळू विसरायला सांगता येतं. मी एक आठवडा ठेवला. आठवड्यागणिक माणसाच्या नावावरचं ओझं निम्मं होतं. हा नियम तुमच्या नावाने लावलाय असं बैठकीत सांगितलं. "कुठल्या विद्यापीठातल्या त्या?" असं आमच्या संचालकांनी विचारलं. मी म्हटलं, दवाखान्यातल्या. त्यांनी वहीत लिहून घेतलं.

गेल्या सोमवारी रांग सुरू झाली. पहिल्याच दिवशी तमाशा. जॉब सुरू झाला, जॉब संपला, अशी ईमेल जाण्याची व्यवस्था मी मोठ्या हौसेने केली होती, आणि प्रत्येकाची एक प्रत त्याच्या गटप्रमुखाला. अजगर सरांच्या गटातल्या एकाने तीन हजार चिमुकले जॉब एकदम सोडले. दुपारच्या चहापर्यंत सरांकडे सहा हजार ईमेल. ते जिना उतरून माझ्या टेबलाशी आले आणि म्हणाले, "बाई, मला इतका मान नको." मी सगळ्यांचीच ईमेल बंद करून टाकली. ज्याला चौकशी करायची त्याने यादी उघडून पाहावी.

पण सर खरे भांडायला आले होते ते दुसऱ्याच गोष्टीवरून. "माझे जॉब मागे का?" असं त्यांनी विचारलं. मी दाखवलं, की त्यांनी प्रत्येकाला सात दिवस मागितलेत आणि यंत्रांच्या जुन्या नोंदींत त्यांचा एकही जॉब अकरा तासांवर गेलेला नाही. त्यांनी चष्मा लावून एकेक आकडा तपासला. दुसऱ्या दिवशी त्यांनी बारा तास मागितले. दोन तासांत नंबर लागला. आता ते चहाच्या वेळी इतरांना खरं बोलण्याचं महत्त्व समजावून सांगतात.

आमच्याकडे एक पूरवाल्या बाई आहेत. नदीला पूर आला तर पाणी कुठल्या गल्लीत किती चढेल, याचं गणित करतात. मुलं मोठी झाल्यावर पुन्हा शिकायला लागल्या. त्यांचं काम दोन टप्प्यांत असतं. पहिला जॉब जमिनीचा नकाशा तयार करतो आणि दुसरा त्यावर पाणी सोडतो. म्हणजे पहिला झाल्याशिवाय दुसरा सुरू होत नाही, तो रांगेत थांबतो. त्यावरून यादी करतानाच एक प्रश्न आला होता. पहिला जॉब फसला, तर थांबलेला दुसरा आपोआप रद्द करावा का? मी "नाही" ठेवलं. कोणाचं काम आपण होऊन रांगेतून काढून टाकणं मला उद्धटपणाचं वाटलं. तुमच्या पेन्सिलीने तिथे नुसतं प्रश्नचिन्ह केलंय. त्याचा अर्थ कळला नाही.

तुम्ही विचारलंत, आम्ही दोघं बोलतो का. बोलतो. भांडत नाही. गेल्या रविवारी तासभर बोललो, तुमच्याबद्दलच.

गुडघ्याबद्दल तुमच्या पत्रात एकच वाक्य आहे, "तुमचं मार्गी लागू दे आधी." मावशी सांगत होत्या की आता काठी घेऊनही तुम्ही जिना उतरत नाही, आणि आणखी उशीर झाला तर पाय पूर्वीसारखा सरळ होणार नाही असं डॉक्टर म्हणाले. आई, तुम्ही एवढ्या शहाण्या, मग हे असं का? असो. माझ्याकडे याहून जास्त लिहिण्यासारखं आत्ता नाही.

तुमची
सून


१६ एप्रिल, बुधवार

ती. आई,

नमस्कार. तुमचं पत्र या वेळी चारच ओळींचं होतं. ते मी इतक्यांदा वाचलंय की पाठ झालंय.

"खिडकीत बसून सगळी रांग दिसत नाही. मी रोज साडेबाराला उठून बाकांवरून फेरी मारायची आणि एकेकाला विचारायची, तुम्ही कोणासाठी बसलात? दोघं-तिघं तरी रजेवर गेलेल्या डॉक्टरसाठी बसलेले निघायचे, त्यांना कोणी सांगितलेलंच नसायचं. तुझ्या रांगेत ही फेरी कोण मारतं?"

वाचून आधी हसू आलं. यंत्रं कुठे रजेवर जातात? तरी म्हटलं, आईंनी विचारलंय तर मारावी. रांगेतला प्रत्येक जॉब कशासाठी थांबलाय, याची यादी मागवली. एकसष्ट जॉब होते. साठांपुढे एकच कारण, "पुढे गर्दी आहे." एकसष्टाव्यापुढे लिहिलं होतं, की हा ज्याची वाट पाहतोय ते कधीच होणार नाही.

पूरवाल्या बाईंचा होता. नऊ दिवस थांबलेला. त्यांचा पहिला जॉब चौथ्याच मिनिटाला यंत्रातली साठवणुकीची जागा संपून बंद पडला होता. दुसरा मात्र शहाण्यासारखा रांगेत उभा, आणि रोज सकाळी बाई यादी उघडणार, "प्रतीक्षेत" हा शब्द वाचणार आणि बंद करणार.

मी चौथ्या मजल्यावर गेले. बाई खिडकीशी बसून जुने नकाशे रंगवत होत्या. शुक्रवारी त्यांच्या कामाची तपासणी होती, बाहेरचे परीक्षक येणार होते.

मी म्हटलं, "बाई, नऊ दिवस झाले. विचारायचं तरी."

"रांग नवीन आहे, म्हटलं लागत असेल वेळ. आणि तुम्ही एवढ्या कामात. कशाला मध्ये मध्ये करायचं?"

"तुमचा पहिला जॉब बंद पडलाय. हा दुसरा कधीच सुरू होणार नव्हता."

त्यांनी रंगाची पेन्सिल खाली ठेवली. "हे यंत्राला माहीत होतं?"

"हो."

"पहिल्या दिवसापासून?"

"हो."

"मग मला का नाही सांगितलं?" त्या रागावून विचारत नव्हत्या, आई. त्यांना खरंच समजून घ्यायचं होतं.

कारण मीच होते. कळवणारी ईमेल मी बंद केली होती. काढून टाकणारा नियम मी लावला नव्हता. एक लोकांना त्रास नको म्हणून, दुसरं उद्धटपणा नको म्हणून. माझ्या सभ्यपणापायी त्या नऊ दिवस बसल्या होत्या.

पुढचं ऐका. दोन्ही जॉब मिळून तीस तास लागणार होते, रांगेत तेवढी फट नव्हती आणि शुक्रवार तीन दिवसांवर. मी अजगर सरांकडे गेले आणि झालं ते सांगितलं, माझी चूक म्हणून सांगितलं. ते उठले, माझ्याच समोर आपले चालू असलेले वीस यंत्रांवरचे जॉब बंद केले आणि म्हणाले, "माझं पुढच्या आठवड्यात होईल. त्यांना सांगा, घाबरू नका म्हणावं." त्या माणसाला मी दहा वर्षं अजगर म्हणत आले. शुक्रवारी बाईंनी भिंतीवर नकाशा लावून गल्लीगल्लीत पाणी कसं चढतं ते दाखवलं. परीक्षक उभे राहून बघत होते. मी मागच्या खुर्चीवर होते, आणि मला तुमचाच विचार येत होता. एकतीस वर्षं दीडशे माणसांमधून रोज बाकाबाकाशी थांबत फिरणाऱ्या तुमचा. बैठकीत नाव सांगितलं ते थट्टेने नव्हतं सांगितलं. माझ्या धंद्यात मी ज्या कोणाकडून शिकले, त्यांत तुमचा नंबर पहिला आहे.

तो नियम मी बदलला. आता फसलेल्या जॉबची ईमेल त्याच मिनिटाला जाते.

यापुढचं लिहायला मी शनिवारपासून बसते आणि उठते आहे. आता लिहिते.

आई, आम्ही पुन्हा एका घरात राहणार नाही. नऊ जानेवारीला कोर्टात सह्या झाल्या. कायद्याने आम्ही आता नवरा-बायको नाही. भांडण नाही, मध्ये कोणी तिसरं नाही. एकमेकांशी चांगलं वागता वागता आम्ही दोघं दमून गेलो, एवढंच खरं कारण आहे आणि ते सांगायला गेलं की कोणाला पटत नाही.

तुम्ही ऑपरेशनची पहिली तारीख मोडलीत ती तेरा जानेवारीला. त्याआधी चार दिवस सह्या झाल्या होत्या. मावशींनी मला त्याच संध्याकाळी सांगितलं, कशासाठी मोडलीत तेही सांगितलं, आणि मी "बरं" म्हणून फोन ठेवला. मार्चची मोडलीत तेव्हाही मी गप्पच. तुम्हाला त्याने सांगायचं असं आमचं ठरलं होतं. त्याने ठरवलं, आईचं ऑपरेशन होऊ दे, मग सांगतो. आणि तुम्ही ठरवलं होतं, ती दोघं एकत्र येऊ देत, मग ऑपरेशन. दोघं मायलेक एकमेकांसाठी थांबलेले, आणि दोन्हीकडचं माहीत असलेली मी एकटी, तुम्हाला नियमांच्या याद्या पाठवत होते.

तुमच्या तब्येतीला धक्का नको म्हणून गप्प बसले असं मी स्वतःला सांगायची. ते खोटं आहे. सांगितलं की तुम्ही माझ्या कोणी राहणार नाही, ही भीती होती. तुम्ही वाट बघत होता तोवर मी सून होते. माझं माहेर लहानपणीच संपलं हे तुम्हाला माहीत आहे. मला पत्र लिहायला दुसरं माणूस नाही. त्या भीतीपायी मी तुमचा पाय वाकडा होऊ दिला. याची माफी कशी मागतात मला माहीत नाही, पण मागते.

तुमच्या मुलाला मी काल सांगितलं, की आज हे लिहिणार आहे. तो म्हणाला, "तूच लिही. मी सांगायला गेलो की ती मला अर्ध्यातच जेवायला वाढेल." त्याला वाईट समजू नका. त्याचा तुमच्यावर फार जीव आहे, फक्त तोंड उघडत नाही. तो रविवारी तुमच्याकडे येतोय. तेव्हा त्याला जेवायच्या आधी बोलू द्या.

काल मी तुमच्या डॉक्टरांकडेही फोन केला. सहा मे, मंगळवार, सकाळी आठ वाजता ते ऑपरेशन करतील. तारीख तुमच्या नावावर धरून ठेवली आहे, शनिवार, सव्वीस एप्रिलपर्यंत तुम्ही त्यांना हो कळवायचं. तो आदल्या दिवशी येऊन आठवडाभर राहील. मी तीन आठवड्यांची रजा टाकली आहे. दोघंही उशाशी असू. दोन वेगळ्या घरांतून आलेले असू, आणि परत जाताना दोन वेगळ्या घरांत जाऊ.

तुम्हाला मी तिथे नको असेन तर तसं स्पष्ट लिहा. मी येणार नाही, रागावणारही नाही, तुमच्या जागी मीही कदाचित तेच केलं असतं. नको म्हणायचं ते मला म्हणा. तारखेला म्हणू नका.

खाली सही करताना नेहमीचा शब्द लिहायला हात होईना, आणि दुसरा शब्द माझ्याकडे नाही. म्हणून जागा कोरी सोडली आहे. तुम्ही उत्तर लिहाल तेव्हा वरच्या ओळीत मला जी काही हाक माराल, ती इथे आहे असं समजा.

तुमची